ठोकळ्यांची खेळकेंद्रे चालवणाऱ्यांना एका बालवाडी शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि इतर शहरांतील मॉलमध्ये ठोकळ्यांची बंदिस्त खेळकेंद्रे चालवणारे व नव्याने उभारू पाहणारे सर्व व्यवस्थापक यांस,

स.न.वि.वि.

मी निवृत्त बालवाडी शिक्षिका आहे आणि नातवंडांना घेऊन आपल्यासारख्यांच्या केंद्रांत जाण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. दोघांपैकी थोरला पहिलीत आहे आणि धाकटी अजून तीन वर्षांची व्हायची आहे. या पत्रातले बहुतेक म्हणणे त्या धाकटीच्या वयाच्या मुलांविषयी आहे, कारण तिकीट तिच्याही नावाने फाडले जाते आणि आत गेल्यावर तिला करण्यासारखे फारच थोडे सापडते. कोणत्याही एका केंद्राची तक्रार करण्याचा हेतू नाही, म्हणून नावे घेतलेली नाहीत. जे लिहिले आहे ते कमीअधिक प्रमाणात सगळीकडे लागू पडते असे माझे निरीक्षण आहे.

ज्या नमुन्यावरून आपल्याकडची केंद्रे बेतली जातात तो नमुना फार जुना नाही. लेगो कंपनीच्या ठोकळ्यांवर आधारलेले, मॉलच्या किंवा इमारतीच्या आत मावणारे ‘लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर’ २००७ मध्ये प्रथम बर्लिनला सुरू झाले, ते डेन्मार्कमधील बिलुंड येथे १९६८ पासून असलेल्या उघड्यावरच्या मोठ्या उद्यानाची छोटी, पावसापाण्यात चालणारी आवृत्ती म्हणून. मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड सेंटरमधले असे केंद्र २०१० चे. मुलगा त्या बाजूला राहत असल्यामुळे ते मला पाहता आले. तीन ते दहा वर्षांची मुले डोळ्यांपुढे ठेवून ही केंद्रे आखलेली असतात. त्यांत लेसरच्या बंदुकीने नेम धरत जाण्याची एक छोटी गाडी असते, वारा आणि पाण्याचे तुषार अंगावर सोडणारे चित्रपटगृह असते, त्या त्या शहराची दहा लाखांहून अधिक ठोकळ्यांतून रचलेली प्रतिकृती असते, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर अर्थातच दुकान असते. पण माझ्या मते या साऱ्याहून मोलाच्या गोष्टी तिथे अगदी साध्या दिसतात. एका बाजूला उतरत्या फळ्या असतात, त्यांवरून मुलांनी स्वतः जोडलेल्या गाड्या सोडायच्या. दुसरीकडे हादरणारे टेबल असते, त्यावर मनोरा रचायचा, बटण दाबून भूकंप आणायचा आणि आपली रचना कुठून मोडली ते पाहायचे. मनोरा पडल्यावर तोच मुलगा दुसऱ्या खेपेस तळाला रुंद ठोकळे लावतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपल्याकडे हा नमुना आला तेव्हा लेसरची बंदूक आली, दुकान आले, मोठ्या आवाजातली गाणी तर दुपटीने आली. उतरत्या फळ्या आणि हादरणारे टेबल मात्र मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी आलेच नाही. त्यांच्या जागी भिंतीवर चिकटवलेली मोठी चित्रे, ठोकळ्यांच्या आकाराची सोफासेटसारखी आसने आणि फोटो काढण्याच्या जागा आल्या. ठोकळ्यांचे केंद्र म्हणवून घेणाऱ्या जागेत प्रत्यक्ष हातात घेण्याजोगे ठोकळे किती, असा प्रश्न पालकाने विचारू नये, पण विचारावा लागतो.

आता धाकट्या मुलांविषयी. नेहमीचा लेगो ठोकळा ज्या रूपात आपण ओळखतो त्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितले गेले, आणि त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. त्याच्या वरच्या बाजूच्या दोन गुंड्यांमधले अंतर ८ मिलिमीटर असते. दोन वर्षांच्या मुलाच्या बोटांना हे माप झेपत नाही, म्हणून १९६९ मध्ये त्याच कंपनीने लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट असलेले ड्यूप्लो ठोकळे काढले. ते दीड वर्षापासूनच्या मुलांसाठी आहेत. लहान ठोकळ्यांच्या खोक्यावर ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असे जे छापलेले असते त्यालाही नेमके कारण आहे. लहान मुलाच्या घशाचा अंदाज घेऊन ३१.७ मिलिमीटर आतल्या व्यासाचे एक नळकांडे तपासणीसाठी ठरवलेले आहे, आणि त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो या वयाच्या मुलाच्या हाती देण्याजोगा नाही असे धरले जाते. आपल्याकडच्या भारतीय मानकांतही हीच कसोटी आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे.

एवढे सगळे जगभर ठरलेले असताना आपल्या केंद्रांत घडते काय? ‘टॉडलर झोन’ अशी पाटी लावलेला एक कोपरा असतो, त्यात रबरी फरशी, एक घसरगुंडी आणि पंधरा-वीस मोठे ठोकळे असतात. मधे अडसर नसल्यामुळे मोठ्या मुलांच्या विभागातले बारीक तुकडे, चाके आणि बाहुल्यांच्या टोप्या पायांबरोबर, खिशांबरोबर तिथवर पोहोचतात. नाकात, कानात, तोंडात वस्तू घालून पाहणे हा या वयाचा धर्मच आहे. आमच्या शहरातील एका केंद्रात मी तासाभरात ओंजळभर बारीक तुकडे त्या कोपऱ्यातून वेचून खिडकीवरच्या मुलीला दिले. ती मुलगी भली होती, तिने आभारही मानले आणि ते तुकडे शेजारच्याच पिंपात टाकले. दोष तिचा नव्हता. छोट्या मुलांचा भाग कोणी, किती वेळाने तपासायचा याची तिला काही सूचनाच नव्हती.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती ही की तीन वर्षांखालील मुलांसाठी कोपरा ठेवू नये, स्वतंत्र खोली ठेवावी, जिला अर्ध्या उंचीचे का होईना पण लागणारे दार असेल. त्या खोलीत फक्त मोठे ठोकळे असावेत आणि ते भरपूर असावेत. भरपूर म्हणजे किती, हे सांगायला मला माझा बालवाडीतला अनुभव पुरेसा वाटतो: एका मुलाने सगळे ओढून घेतले तरी दुसऱ्याला रडावे लागू नये इतके. या वयाची मुले एकत्र खेळत नाहीत, शेजारी शेजारी खेळतात. त्यांना वाटून घ्यायला लावणे ही मोठ्यांची हौस आहे, आणि अपुऱ्या ठोकळ्यांमुळे ती हौस दर पाच मिनिटांनी फिटते.

टेबले ठेवायची असतील तर ती ४० ते ४५ सेंटिमीटरांहून उंच नसावीत. तसे पाहिले तर टेबलांची गरजच नाही. आपल्याकडची मुले जमिनीवर बसून खेळतात, आजीआजोबांनाही टेबलाशी वाकून उभे राहण्यापेक्षा स्वच्छ सतरंजीवर मांडी घालून बसणे परवडते, आणि जमिनीवर रचलेला मनोरा पडला तर ठोकळे फार लांब जात नाहीत.

मोठ्या ठोकळ्यांनी ‘काय बनवायचे’ याचे नमुने भिंतीवर लावू नयेत, असेही मला आग्रहाने सांगायचे आहे. दोन गुणिले चार गुंड्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते ९१,५१,०३,७६५ वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात, असे गणित्यांनी मोजून ठेवले आहे. अडीच वर्षांच्या मुलीला यांतल्या एकाशीही कर्तव्य नसते. तिला एकावर एक ठेवायचे असते आणि पाडायचे असते, पुन्हा ठेवायचे असते आणि पुन्हा पाडायचे असते, आणि या पाडण्याला आपल्या केंद्रांत उगीचच चूक समजले जाते. मदतीला ठेवलेले दादा आणि ताई लगबगीने येतात, ‘बघ, असा जिराफ करायचा’ म्हणून तिच्या हातातून ठोकळे घेतात, स्वतः जिराफ करतात, आई फोटो काढते आणि मुलगी उठून घसरगुंडीकडे जाते. पालकही यात मागे नाहीत. कित्येक बाबामंडळी मुलाला बाजूला सारून किल्ल्याचा बुरूज स्वतः पुरा करताना मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून त्यांना उठवावेसेही वाटत नाही. मोठ्यांसाठी एक संध्याकाळ वेगळी राखून ठेवा. परदेशातली केंद्रे तेच करतात, कारण एरवी सोबत मूल असल्याशिवाय प्रौढाला तिथे प्रवेशच मिळत नाही. हा नियम सुरक्षिततेचा आहे आणि तो आपणही तसाच्या तसा घ्यावा.

मदतनिसांविषयी दोन शब्द अधिक लिहिले तर राग मानू नये. महाराष्ट्राला बालशिक्षणाची मोठी परंपरा आहे. नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले त्यात महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे आणि काटक्या वापरल्या गेल्या. साधन कोणतेही असो, मोठ्या माणसाने किती बोलायचे आणि केव्हा गप्प बसायचे हे त्या कामात शिकवले जात असे. आपल्या केंद्रांत मुलांसोबत काम करणाऱ्या तरुण मुलामुलींना तिकीट कसे तपासायचे, वाढदिवसाचे पॅकेज कसे विकायचे याचे प्रशिक्षण मिळते. त्याच्या जोडीला चार दिवस एखाद्या चांगल्या बालवाडीत नुसते बसून पाहण्याची संधी त्यांना मिळाली तर आपला खर्च फारसा वाढणार नाही. ही मुले हुशार असतात, त्यांना मुलांची आवडही असते, पण दर अर्ध्या तासाने माईकवर ओरडून नाच करवून घेणे हेच आपले काम अशी त्यांची समजूत करून दिलेली असते.

तो माईक आणि ती गाणी यांबद्दल मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. वर पत्र्याचे छत, चहूबाजूंनी काच, खाली लादी, आणि त्यात सत्तर-ऐंशी मुलांचा गलबला. त्यावर आणखी गाणी लावण्याचे प्रयोजन काय, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. लहान मुलाला दोन ठोकळे बसताना होणारा टक् असा आवाज ऐकू आला पाहिजे, कारण नीट बसले की नाही हे त्याला त्यावरूनच कळते. ब्रिटन-अमेरिकेतील काही केंद्रे स्वमग्न मुलांसाठी आणि आवाज सहन न होणाऱ्या इतर मुलांसाठी काही सकाळी दिवे आणि आवाज कमी ठेवतात. आपण आठवड्यातून एक सकाळ अशी ठेवावी, आणि खरे सांगायचे तर बाकीच्या सहा दिवसांतही गाणी बंद ठेवून पाहावीत.

वेळेच्या तिकिटाचा हिशेबही लहान मुलांच्या बाजूने नाही. एका तासाच्या तिकिटात पहिली दहा-पंधरा मिनिटे मोजे घालण्यात, हाताला पट्टी बांधून घेण्यात आणि आईच्या पदराआडून जागा न्याहाळण्यात जातात. मधेच शू लागते, स्वच्छतागृह मॉलच्या दुसऱ्या टोकाला असते आणि घड्याळ चालूच राहते. तीन वर्षांखालील मुलांना तासाऐवजी दीड तास द्यावा, किंवा निदान स्वच्छतागृहाला आणि खाण्याला लागलेला वेळ धरू नये. घरून आणलेला वरणभाताचा किंवा पोळीच्या लाडवाचा डबा दारात काढून घेऊन आत फ्रेंच फ्राइज विकणे हा प्रकारही या वयापुरता तरी थांबवावा. सोबतच्या मोठ्या माणसाकडून पूर्ण तिकीट घ्यायचे असेल तर त्याला पाठ टेकता येईल असे आसन मिळाले पाहिजे. निम्मी मुले हल्ली आजीआजोबांबरोबर येतात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला फोमच्या बुटक्या ठोकळ्यावरून उठवायला दोघे लागतात.

स्वच्छतेबाबत एक सोपी गोष्ट. हे ठोकळे ज्या कठीण प्लास्टिकचे असतात ते फार गरम पाण्याने वाकडे होते, म्हणून ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावेत असे लेगो कंपनीच सांगते. यंत्र नको, उकळते पाणी नको, उग्र वासाचा फवारा तर नकोच. ठोकळ्यांचे दोन संच ठेवले तर एक खेळात आणि एक वाळत असे आलटून पालटून चालेल. कोणता संच कधी धुतला याची तारीख खोलीच्या दाराशी खडूने लिहून ठेवलीत तर मुंबईच्या पावसाळ्यात, घरोघरी सर्दी-ताप असताना, त्या एका ओळीचा पालकांना मोठा आधार वाटेल.

आता जे लिहायचे आहे ते वाढदिवसांच्या फुग्यांमध्ये लिहिणे अवघड आहे. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली आणि लहान मुलांसह २५ हून अधिक माणसे गेली. तिथे अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नव्हता, वेल्डिंगचे काम चालू होते, इंधनाचा साठा होता आणि बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या. त्यानंतर महिनाभर सगळीकडे तपासण्या झाल्या. त्याचे पुढे काय झाले हे आपापल्या केंद्रापुरते आपल्यालाच ठाऊक. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे आणि त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन ‘ब’ नमुन्यात सादर करायचा असतो. संपूर्ण मॉलचा दाखला आहे एवढे म्हणून भागत नाही, कारण मॉलच्या आत आपण जी लाकडी माळ्यांची, जाळ्यांची आणि फोमची दुसरी रचना उभी करता तिच्यातून मूल बाहेर कसे येईल हा प्रश्न वेगळा आहे. तीन वर्षांच्या मुलाला सूचनाफलक वाचता येत नाही, धूर दिसला की ते पळत नाही, लपते. तेव्हा छोट्या मुलांची खोली बाहेरच्या दाराला सर्वांत जवळ असावी, वरच्या माळ्यावर कधीही नसावी, बाहेर पडण्याची दुसरी वाट खरोखर उघडणारी असावी आणि तिच्यापुढे जुन्या खेळण्यांची खोकी रचलेली नसावीत. ‘ब’ नमुन्यातील चालू सहामाहीचा दाखला तिकीटखिडकीशेजारी लावावा. तिथे सध्या सामान हरवल्यास आपण जबाबदार नाही अशी पाटी असते.

काही गोष्टी मोठ्या मुलांसाठीही सुचवाव्याशा वाटतात. शहराच्या प्रतिकृतीत आयफेल टॉवर आणि बुर्ज खलिफा असतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, वांद्रे-वरळी सागरी सेतू किंवा शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा असला तर मुलाला ‘हे मी पाहिले आहे’ असे म्हणता येते, आणि पाहिलेली वस्तू दुसऱ्या द्रव्यात उभी राहिलेली पाहणे यातच त्या प्रतिकृतीची गंमत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडची मुले मातीचे किल्ले करतातच. इमारतींच्या आवारात आता माती मिळत नाही अशी तक्रार सगळे करतात, तर त्या पंधरा दिवसांत आपल्या केंद्रात मुलांनी मुलांचा राजगड किंवा जंजिरा सामूहिकपणे रचावा, आणि तो कोणा कारागिराकडून आयता आणून काचेत ठेवू नये. सूचना मराठीत लिहाव्यात हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

दुकानाविषयी मी तक्रार करत नाही, व्यवसाय आहे. मात्र एक वस्तुस्थिती नोंदवते. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि परदेशी ठोकळ्यांचे एक मध्यम आकाराचे खोके बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर गेले. अशा वेळी आपल्या केंद्राची खरी किंमत हीच की जे ठोकळे घरी आणता येत नाहीत ते इथे ढिगाने हाताशी येतात. तो ढीग काचेच्या कपाटात ठेवून पन्नासेक ठोकळे बाहेर ठेवणे म्हणजे तिकीट घेऊन दुकान दाखवणे होय. सोमवार ते गुरुवार सकाळी आपली केंद्रे बहुधा रिकामीच असतात. त्या वेळांपैकी महिन्यातून काही सकाळी जवळच्या अंगणवाडीतल्या किंवा महापालिकेच्या बालवाडीतल्या मुलांसाठी मोफत ठेवाव्यात. ती मुले खेळणी पळवतील अशी भीती एका व्यवस्थापकांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती. माझ्या माहितीप्रमाणे ठोकळे खिशात घालून नेणे हा उद्योग सर्व आर्थिक स्तरांतील मुले सारख्याच निष्ठेने करतात, आणि त्यावर निघताना दारात खिसे रिकामे करण्याचा खेळ हा उपाय सगळ्या बालवाड्यांना माहीत आहे.

ठाणे, कल्याण किंवा मुलुंड भागातील ज्या केंद्राला छोट्यांची खोली नव्याने मांडायची असेल त्यांच्याकडे मी आणि माझ्या काही जुन्या सहकारी एखादी सकाळ येऊन बसायला तयार आहोत. मानधन नको. मुलांना मधे मधे थांबवून फोटो काढू नयेत आणि तेवढा वेळ गाणी बंद ठेवावीत, इतकीच अट आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, ठाणे